बाथरूमचा दिवा आणि दादाचं घर

परवा एक जुन्या ओळखीच्या काकू भेटल्या. इकडचं तिकडचं झाल्यावर आवाज खाली आणून म्हणाल्या, "भावाला कुठे ठेवलंय गं सध्या?" मी म्हणलं ठेवलं नाहीये, तो राहतो, चार जण मिळून एका घरात राहतात. "हां, म्हणजे संस्थेत टाकलंय." बरं म्हणलं आणि विषय बदलला, रस्त्यात उभं राहून एवढं सगळं कोण सांगत बसणार. पण घरी येईपर्यंत ते ठेवलंय-टाकलंय डोक्यात फिरत राहिलं म्हणून हे लिहितेय, जरा लांबेल.

दादा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. विसाव्या वर्षी त्याला स्किझोफ्रेनिया हा मनाचा आजार झाला, म्हणजे तेव्हा आम्हाला कळलं, सुरुवात कधी झाली देव जाणे. पुढची तेवीस वर्षं तो आईबाबांजवळ घरीच होता. मग बाबा गेले, आईचे गुडघे गेले, आणि एक दिवस आई जिन्यात पडली आणि थेट दवाखान्यात. मी परगावाहून येईपर्यंत तिसरा दिवस उजाडला. दार उघडलं तर घरातले सगळे दिवे चालू आणि दादा आईच्या पलंगावर पायात बूट घालून बसलेला, औषधांचा डबा सोमवारपासून जसाच्या तसा भरलेला. "आई कुठेय" एवढंही विचारलं नाही त्याने. तीन दिवस काय खाल्लं, झोपला का, काही कळायला मार्ग नाही.

आमच्यानंतर काय, हे वाक्य अशा मुलांचे सगळेच आईबाप बोलतात. बाबाही बोलायचे आणि आम्ही दर वेळी "बघू" म्हणायचो. बघू बघू करत बाबाच गेले. पूर्वी हा प्रश्न बऱ्याच घरांत यायचाच नाही, कारण मुलंच आधी जायची. डाऊन सिंड्रोम, म्हणजे जन्मापासूनचं एक बौद्धिक अपंगत्व, असलेल्या माणसाचं सरासरी आयुष्य अमेरिकेत 1983 साली 25 वर्षांच्या आसपास होतं, आता ते 60 च्या घरात आहे. म्हणजे केवढी चांगली गोष्ट, पण त्याचा दुसरा अर्थ असा की सत्तरीतली आई आणि पंचेचाळिशीतला मुलगा अशी जोडी आता सगळीकडे आहे आणि दोघांपैकी कोण कोणाला सांभाळतंय हे बाहेरून सांगता येत नाही.

आता अपराधीपणाचं आधी उरकून टाकते कारण ते असतंच. आई सहा महिने रोज एकच म्हणायची, माझ्याइतकं कोण करणार त्याचं. खरंय, कोणीच करणार नाही. पण तिच्याइतकं करणं हे त्याच्यासाठी चांगलंच होतं का, हा प्रश्न विचारायची आमच्या घरात कुणाची हिंमत नव्हती. मला तो विचारायला मदत झाली ती एका जुन्या अभ्यासाची. 1950 च्या दशकात लंडनमध्ये जॉर्ज ब्राउन नावाचा समाजशास्त्रज्ञ, त्याने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी हॉस्पिटलमधून बाहेर पडलेल्या पुरुष पेशंटांचा माग ठेवला, त्यातले बरेच जण स्किझोफ्रेनियाचे होते. तर जे आईवडिलांकडे किंवा बायकोकडे परत गेले त्यांच्यापेक्षा जे भावंडांकडे किंवा भाड्याच्या खोलीत राहायला गेले ते हॉस्पिटलबाहेर जास्त टिकले. उलटंच की! मग पुढे त्यांनी खोदून पाहिलं तेव्हा लक्षात आलं की घरात सतत टोमणे, चिडचिड, किंवा अति काळजी, अति गुंतणं असेल तर आजार उलटायचं प्रमाण वाढतं, आणि 1976 च्या व्हॉन आणि लेफ यांच्या अभ्यासात तर आठवड्याला 35 तासांपेक्षा जास्त समोरासमोर असणं हाही मुद्दा निघाला. आमच्याकडे किती तास होते? आई आणि दादा दोन खोल्यांत चोवीस तास. ती त्याच्या झोपेवर, अंघोळीवर, श्वासावर लक्ष ठेवून, आणि तो तिच्या चेहऱ्यावर.

हे वाचून आईला दोष देऊ नका हं कुणी, हा अभ्यास घेऊन बरेच शहाणे आईबापांच्या अंगावर गेलेत. घरच्यांनी आजार आणलेला नसतो. फक्त एकाच माणसाने तेवीस वर्षं एकट्याने हे करायचं नसतं एवढंच.

पहिली जागा चुकली. नाव घेत नाही. फोटोत बाग होती, हसरे चेहरे होते, भिंतीवर हाताचे रंगीत ठसे होते. आत अठ्ठावीस माणसं. फ्रीजला कुलूप होतं. टूथपेस्ट प्रत्येकाच्या ब्रशवर सकाळी एक जण लावत जायचा, रांगेत. कपडे धुवायला एकत्र जायचे आणि परत येताना कुणाचा शर्ट कुणाला येईल याचा नेम नाही, दादा एकदा मला भेटायला "आनंद मेळावा" असं छापलेला टीशर्ट घालून बाहेर आला, तो कुणाचा होता त्यालाही माहीत नव्हतं. रात्री साडेआठला दिवे बंद, आणि बटणं खोलीत नव्हतीच, सगळी ऑफिसात. दीड महिन्यात दादा रात्री बाथरूमला जाताना अंधारात पडला, कपाळाला पाच टाके. मी चिडून विचारलं तर तिथले साहेब अगदी शांतपणे म्हणाले, मॅडम दिवे चालू ठेवले तर हे लोक झोपत नाहीत.

हे लोक.

कर्मचारी वाईट नव्हते हे मुद्दाम सांगते. रात्री अठ्ठावीस जणांमागे एकच माणूस असेल तर तो दिवे बंदच करणार, मी असते तर मीही केले असते. त्याचं काम सोपं व्हावं म्हणून नियम होते, राहणाऱ्यांसाठी नव्हतेच ते. स्वीडनचे बेंग्ट निर्ये म्हणून होते, बौद्धिक अपंगत्व असलेल्या लोकांचं आयुष्य इतरांसारखं असावं हा विचार त्यांनी 1969 मध्ये नीट मांडला. त्यात मोठमोठी तत्त्वं नंतर येतात, सुरुवातीलाच दिवसाच्या वेळांबद्दल लिहिलंय की केवळ अपंगत्व आहे म्हणून धाकट्या भावंडांच्या आधी झोपायला पाठवलं जाऊ नये. मला ते वाचून रडूच आलं. मी धाकटी, रात्री दीड वाजता मोबाईल बघत ते वाचत होते आणि दादाचे दिवे साडेआठला गेलेले.

दादाला परत आणला. मग सात-आठ महिने शोधाशोध आणि वाचन, दोन्ही. शोधताना पहिला घोळ नावांचा. हाफवे होम, ग्रुप होम, सपोर्टेड लिव्हिंग, असिस्टेड लिव्हिंग, लाँग स्टे, सगळे शब्द सगळे जण वाट्टेल तसे वापरतात. ढोबळ सांगायचं तर हाफवे होम म्हणजे हॉस्पिटल आणि घर यांच्या मधला थांबा, काही महिने राहून पुढे जायचं. ग्रुप होम म्हणजे थोडे लोक, कायमचं किंवा बऱ्याच काळासाठी, कुणीतरी मदतीला हजर. सपोर्टेड लिव्हिंग म्हणजे, निदान कागदावर तरी, घर तुमचं आणि मदत वेगळी येते, मदत बदलली तरी घर सुटत नाही. हा शेवटचा फरक फार मोठा आहे आणि तो कुणी समजावून सांगत नाही. कारण जिथे घर आणि मदत एकाच मालकाची, तिथे तक्रार केली की सामान बाहेर, या भीतीने लोक गप्प बसतात. आम्हीही बसलो होतोच की सुरुवातीला.

पण खरं सांगू का, नावावरून काहीच कळत नाही. संयुक्त राष्ट्रांचा अपंग व्यक्तींच्या हक्कांचा करार आहे 2006 चा, त्याचं कलम 19 म्हणतं की कुठे आणि कोणाबरोबर राहायचं हे इतरांसारखंच त्या माणसालाही ठरवता आलं पाहिजे. 2017 मध्ये त्या कराराच्या समितीने याचा अर्थ खुलासा करून सांगितला आणि त्यात स्पष्ट लिहिलंय की शंभरावर माणसांची मोठी संस्था असो, पाच ते आठ जणांचं छोटं ग्रुप होम असो, नाहीतर अगदी एकट्याचं घर असो, जर तिथे संस्थेची लक्षणं असतील तर त्याला स्वतंत्र राहणं म्हणता येणार नाही. लक्षणं कुठली तर मदतनीस कोण हे तुमच्या हातात नाही, सगळ्यांना एकाच वेळी एकच गोष्ट करायला लावणं, सोबत कोण राहणार हे दुसऱ्याने ठरवणं, असं. म्हणजे चार माणसांची संस्था होऊ शकते. मी तर म्हणेन आमचं दोन खोल्यांचं घरसुद्धा थोडीशी संस्थाच झालं होतं, औषध आठला, अंघोळ नऊला, दार आतून बंद आणि किल्ली आईच्या कमरेला.

त्यामुळे नंतर कुठलीही जागा बघायला गेले की मी मोठे प्रश्न विचारणं बंद केलं. "तुमची फिलॉसॉफी काय" वगैरे विचारलं की सगळे छान बोलतात. मी विचारायचे, फ्रीज कोण उघडू शकतं, दाराची किल्ली कोणाकडे, आत येताना दार वाजवता का, रात्री अकराला कुणाला भूक लागली तर काय होतं, पेशंट म्हणता का नावाने हाक मारता. आणि बाथरूम वापरून बघायचे, मला गरज असो नसो. बाथरूमला आतून कडी आहे का, साबण किती आहेत, टॉवेल कुठे वाळतात. एका ठिकाणी सहा टूथब्रश एकाच मगमध्ये आणि सगळे एकाच रंगाचे, तिथून मी पाणीही न पिता निघाले.

आता ज्या घरात दादा आहे ते एका साध्या इमारतीत आहे, बाहेर पाटी नाही. चार पुरुष. दादा, मग एक निवृत्त झालेले मास्तर ज्यांना बायपोलर आहे, एक ऑटिझम असलेला सव्वीस वर्षांचा मुलगा जो कायम हेडफोन लावून असतो, आणि एक काका जे फारसे बोलत नाहीत पण कुंड्यांना पाणी तेच घालतात. दिवसभर एक ताई असते, रात्री एक मदतनीस झोपायला येतो, आठवड्यातून एकदा काउन्सेलर. पहिल्याच दिवशी ताईंनी दादाच्या हातात बाहेरच्या दाराची किल्ली दिली, हिरव्या नाडीत ओवलेली. आई घाबरली, किल्ली हरवेल ना तो! ताई म्हणाल्या हरवली तर दुसरी करू. हरवलीच. दोन महिन्यांत तीनदा. तिसऱ्या वेळी मलाच लाज वाटली, मी म्हणलं राहू दे आता, तुमच्याकडेच ठेवा. ताई म्हणाल्या, "तुमची किल्ली कधी हरवली नाही का?" हरवलीय. माझ्याकडून कुणी काढून नाही घेतली. दादाने चौथी किल्ली पायजम्याच्या नाडीला बांधली आणि तेव्हापासून आहे, झोपतानाही.

औषधांचं तसंच. आधी ताई गोळ्या देऊन समोर उभ्या राहायच्या, मग दादाने स्वतः आठवड्याचा डबा भरायचा आणि ताईंनी बघायचं, मग नुसतं विचारायचं. या एका गोष्टीला वर्ष लागलं आणि मधे दोनदा मागे यावं लागलं. मदत म्हणजे काय याचा इतका बारीक अर्थ मला आधी माहीत नव्हता, आम्हाला वाटायचं मदत म्हणजे करून देणं. इथे कधी नुसतं शेजारी बसतात, कधी आठवण करतात, कधी हाताला धरून करतात, आणि कधी मुद्दाम करत नाहीत. वॉशिंग मशीन लावायला शिकताना दादाने पांढऱ्यात लाल टाकून मास्तरांचे सगळे बनियन गुलाबी केले. घरी असता तर आईने मशीनजवळ परत जाऊ दिलं नसतं. इथे त्याला मास्तरांची माफी मागावी लागली, आणि मास्तर दोन दिवस बोलले नाहीत, आणि मग गुलाबी बनियन घालूनच हिंडायला लागले.

सगळं गोड आहे असं समजू नका. ताई बदलतात. चार वर्षांत तिसरी ताई आहे ही, पगार कमी, काम जिकिरीचं, कोण टिकणार. प्रत्येक ताई गेली की दादा आठवडाभर खोलीबाहेर येत नाही. दुपारी कंटाळा भयंकर. आणि शेजारी! सुरुवातीला वरच्या मजल्यावरून निरोप आला की आमच्याकडे लहान मुलं आहेत. आता त्यातल्याच एका लहान मुलाची सायकलची चेन काका बसवून देतात, पण ते व्हायला दोन वर्षं गेली आणि त्यासाठी कुणी जनजागृती केली नाही, चेन पडली होती आणि काका तिथे बसलेले होते.

दोन वर्षांपूर्वी दादाचा रिलॅप्स झाला, म्हणजे आजार उलटला. बरा असताना काउन्सेलरने त्याच्याकडूनच एक कागद लिहून घेतला होता, माझी तब्येत बिघडायला लागली की काय काय होतं. कपाटाच्या आत चिकटवलाय. त्यावर त्याच्या अक्षरात लिहिलंय, रेडिओ बंद ठेवतो, जेवताना भिंतीकडे तोंड करतो, आणि तिसरं, झोपताना बूट काढत नाही. मी वाचलं तेव्हा मला तो आईच्या पलंगावरचा दिवस आठवला. म्हणजे ते लक्षण होतं आणि तेवीस वर्षांत आम्ही कधी त्याला विचारलंच नव्हतं. तर रात्रीच्या मदतनिसाने बूट बघितले, सकाळी ताईंना सांगितलं, त्याच दिवशी डॉक्टरांना फोन. तरीही अकरा दिवस हॉस्पिटलमध्ये जावं लागलंच. पण त्याची खोली तशीच ठेवली, कुणाला दिली नाही, चपला दारात होत्या तिथेच, हेडफोनवाला मुलगा रोज त्या सरळ करून ठेवायचा कारण त्याला वाकड्या चपला सहन होत नाहीत. परत यायला जागा आहे हे माहीत असलं की माणूस हॉस्पिटलमध्येही वेगळा असतो.

वाचनात मला दोन जागा फार आवडल्या, म्हणजे मी गेलेले नाही कुठे. एक बेल्जियममधलं हेल गाव. तिथे संत डिंफनाच्या देवळात मनाच्या आजाराची माणसं यायची, देवळात जागा पुरेना म्हणून गावकऱ्यांनी घरी न्यायला सुरुवात केली, तेराव्या शतकापासून, ती पद्धत अजून आहे. 1930 च्या दशकाच्या अखेरीला गावात असे साडेतीन हजारांवर लोक घराघरांतून राहत होते. आणि त्यांना पेशंट म्हणत नाहीत, बोर्डर म्हणतात, म्हणजे आपल्याकडे राहायला असलेला माणूस. ठेवलेला नाही, टाकलेला नाही. काकूंना सांगायला पाहिजे.

दुसरी इटलीतलं त्रिएस्ते. फ्रांको बझालिया 1971 मध्ये तिथल्या मनोरुग्णालयाचे संचालक झाले तेव्हा आत बाराशेच्या आसपास माणसं होती. त्यांनी हळूहळू दारं उघडली, गावात छोटी बिऱ्हाडं, दवाखाने, कामाच्या सहकारी संस्था सुरू केल्या. 1973 मध्ये आतल्या लोकांनी आणि कलाकारांनी मिळून एक भलामोठा निळा घोडा बनवला, मार्को काव्हाल्लो नाव त्याचं, आणि मिरवणूक काढायच्या दिवशी तो दारातून मावेना! शेवटी दार तोडून बाहेर काढला. 1978 मध्ये इटलीत कायदाच झाला, 180 क्रमांकाचा, मनोरुग्णालयं बंद करत नेण्याचा. मला तो घोडा न मावण्याचा प्रसंग फार आवडतो, बनवताना कुणी दार मोजलंच नव्हतं.

पण नुसती दारं उघडून भागत नाही हे अमेरिकेत दिसलं. तिथे 1955 मध्ये सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांवर लोक होते. 1963 मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडींनी कायदा केला की आता वस्तीत मानसिक आरोग्याची केंद्रं उघडायची. माणसं बाहेर आली, केंद्रं मात्र ठरली होती त्याच्या जेमतेम निम्मी झाली आणि पैसे आटले, मग लोक रस्त्यावर, नाहीतर तुरुंगात. तर ज्यांना वाटतं की संस्था बंद करा म्हणजे झालं, त्यांना माझा सवाल आहे की रात्री झोपायला कोण येणार? घर पाहिजे आणि माणूसही पाहिजे.

त्याच देशात 1999 मध्ये लोइस कर्टिस आणि इलेन विल्सन या दोन बायका सुप्रीम कोर्टात जिंकल्या. डॉक्टर म्हणत होते या बाहेर राहू शकतात, तरी त्यांना हॉस्पिटलमध्येच ठेवलं होतं, कोर्टाने सांगितलं हा भेदभाव आहे. लोइस कर्टिस नंतर चित्रकार झाल्या, 2011 मध्ये राष्ट्राध्यक्ष ओबामांना स्वतःचं चित्र देऊन आल्या. आपल्याकडे चेन्नईच्या द बॅनियन या संस्थेने 2015 पासून होम अगेन म्हणून काम सुरू केलं, वर्षानुवर्षं हॉस्पिटलमध्ये राहिलेल्या बायका चार-पाच जणी मिळून साध्या वस्तीत भाड्याच्या घरात राहतात. ते वाचून आईला दाखवलं तेव्हा ती पहिल्यांदा म्हणाली, म्हणजे असं करतात लोक.

एक कडू गोष्टही सांगायलाच हवी. जॉं वानिए यांनी 1964 मध्ये फ्रान्समध्ये बौद्धिक अपंगत्व असलेल्या दोन माणसांबरोबर राहायला सुरुवात केली, त्यातून लार्श नावाची जगभर पसरलेली घरं उभी राहिली. लोक त्यांना संत मानायचे. ते गेल्यावर 2020 मध्ये लार्शनेच करवलेल्या चौकशीत निघालं की त्यांनी निदान सहा बायकांचं लैंगिक शोषण केलं होतं. त्या बायका अपंग नव्हत्या, पण म्हणून काय झालं. घरं चांगली आहेत अजूनही, पण मी त्यातून एवढं घेतलं की संस्थापक किती देवमाणूस आहे हे बघायचं नाही, बाहेरचा माणूस न सांगता आत येऊन तपासू शकतो का ते बघायचं. मी दादाकडे कधीही न कळवता जाते. ताईंना राग येत नाही. येत असता तर काळजी वाटली असती.

आई? आई सुरुवातीला दिवसाला सात वेळा फोन करायची. ताई तिला रागावल्या नाहीत, फक्त म्हणाल्या फोन दादालाच करा, मला नको. मग दादा उचलेना! मग तीनवर आली, मग एक. आता रविवारी तो येतो, दोघं टीव्ही बघतात, भांडतात, संध्याकाळी तो "घरी जातो" म्हणतो. पहिल्यांदा म्हणाला तेव्हा आई स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. मला वाटलं रडतेय. ती डबे घासत होती, घासलेलेच डबे.

मागच्या महिन्यात मास्तर मुलीकडे राहायला गेले, त्यांची खोली रिकामी झाली. या घरात नवीन माणूस येणार असेल तर तो आधी एक दिवस येऊन जातो आणि राहणारे ठरवतात, हे आधीपासून आहे. अमेरिकेत जॉर्ज फेअरवेदर म्हणून मानसशास्त्रज्ञ होते, त्यांच्या लक्षात आलं होतं की वॉर्डात गटाने छान काम करणारी माणसं एकेकटी घरी सोडली की कोसळतात, म्हणून 1963 मध्ये त्यांनी अख्खा गटच एका लॉजमध्ये राहायला पाठवला, साफसफाईचा धंदा काढून दिला, निर्णय त्यांचे त्यांनी घ्यायचे. आणि ते बाहेर टिकले. तर ते मी ताईंना मोठ्या उत्साहाने सांगायला लागले तर त्या म्हणाल्या, हो, आमच्याकडे पण मीटिंग असते, पण अर्धा वेळ बाथरूम कुणी धुवायचं यावरच जातो.

नवीन माणूस आला त्या दिवशी मी तिथेच होते, गप्प बसायच्या अटीवर. पंचेचाळीसचा असेल, हातात फाईल, पायाने जमीन टपटप वाजवत होता. हेडफोनवाल्या मुलाने विचारलं, चपला कशा काढता. काकांनी काहीच विचारलं नाही, नुसतं बघितलं. दादाने खिशातून घडी घातलेला कागद काढला, त्यावर एकच प्रश्न लिहिला होता, तोही वाचून दाखवला.

"रात्री बाथरूमचा दिवा चालू राहतो आमच्याकडे. चालेल का?"

तो माणूस थोडा वेळ विचारात पडला. मग म्हणाला, "दार लोटलेलं असेल तर चालेल. डोळ्यावर येतो."

दादाने कागदाच्या मागे ते लिहून घेतलं, आणि उठून बाथरूमचं दार किती लोटायचं ते दाखवायला त्याला घेऊन गेला.